बाँडपेपरवर सही करू नका

ताई,

माझं माहेर लातूर जिल्ह्यात, लग्न होऊन मी पिंपरी-चिंचवडला असते. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, बीसीए झालाय. दोन वर्षं पोलीस भरती आणि तलाठी भरतीच्या मागे होता, हाती काही लागलं नाही. मार्च २०२५ मध्ये गावातल्याच एकाने त्याला बँकॉकला कॉम्प्युटरचं काम लावून देतो म्हणून सांगितलं. हा भावाच्या शाळेतला, दोन वर्षं पुढे होता, दुबईला राहून आलाय. महिना ७० हजार, राहणं-खाणं कंपनीचं. त्याला २ लाख २० हजार दिले. आईच्या पाटल्या बँकेत ठेवल्या, उरलेले सावकाराकडून महिना शेकडा पाचने काढले. भाऊ पोचला तो म्यानमारमध्ये. कोंडून ठेवलं, ऑनलाइन लोकांना फसवायचं काम करून घेतलं, टार्गेट झालं नाही की मारलं. नोव्हेंबरमध्ये सरकारच्या विमानाने परत आला.

आता त्याला रात्री झोप नाही. मेसेजचा आवाज आला तरी दचकतो. मुलगी असल्याचं भासवून एका अमेरिकन विधवेशी त्याला बोलायला लावलं होतं. तिचे पैसे गेले हे तो रोज बोलून दाखवतो. तिच्या कुत्र्याचं नावसुद्धा त्याला पाठ आहे. गावात लोक म्हणतात, फसवायलाच गेला होता, सापडला म्हणून रडतोय. तो एजंट आता ८० हजार परत देतो म्हणतो, पण बाँडपेपरवर लिहून मागतोय की मुलगा स्वखुशीने गेला होता आणि आमची काही तक्रार नाही. वडील सही करायला निघालेत. तक्रार केली तर उलट मुलावरच केस पडेल अशी त्यांना भीती आहे. आणि तोच माणूस आता माझ्या चुलतभावाला कंबोडियाला पाठवतोय. काय करू? नाव छापू नका.

— एक बहीण

*

आधी वडिलांना फोन कर आणि सही थांबव. मग पुढचं वाच.

त्या कागदात ‘स्वखुशीने गेला होता’ हे वाक्य त्याने विचार करून घातलंय. उद्या पोलिसांनी बोलावलं तर त्याला हेच सांगायचं आहे. मी कुणाला ओढून नेलं नाही, पोरगा आपल्या पायाने विमानात चढला, हे बघा बापाची सही. पण कायदा त्याच्या बाजूने नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ सांगतं की फसवून, आमिष दाखवून किंवा धाक घालून एखाद्याला शोषणासाठी भरती करणं, त्याची ने-आण करणं, त्याला दुसऱ्याच्या ताब्यात देणं ही मानवी तस्करी आहे आणि त्यात पीडिताची संमती होती की नव्हती याला काहीही महत्त्व नाही. शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त दहा. एकापेक्षा जास्त माणसं पाठवली असतील तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. तुझ्या भावाच्याच शाळेतला हा एजंट ८० हजार द्यायला का तयार झाला, ते यावरून तुला कळेल.

बाँडपेपरवर लिहून दिल्याने असा गुन्हा मिटत नाही. हा काही बांधाचा वाद नाही की दोन घरांनी बसून मिटवला. उलट गुन्हा लपवण्याच्या बदल्यात पैसे घेणं, अगदी आपलेच बुडालेले पैसे परत घेणं, हाही कायद्याने गुन्हा ठरू शकतो. म्हणजे आज स्वच्छ असलेले तुझे वडील सही करून स्वतः अडचणीत येतील आणि तुझ्या भावाचा जबाब त्यांच्याच सहीने कच्चा पडेल. एजंटाला पैसे द्यायचेच असतील तर काही लिहून न घेता वडिलांच्या खात्यात टाकू दे. ते घ्या आणि तपास अधिकाऱ्याला सांगा. रोख मात्र घेऊ नका.

दुसरी गोष्ट घरातल्या सगळ्यांना बसवून सांग. तुझ्या भावाला विकलं गेलंय. मानवी तस्करी म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे बुधवार पेठ, कामाठीपुरा आणि फसवून आणलेल्या मुली येतात. ते खरंच आहे आणि आजही थांबलेलं नाही. पण २०२२ मध्ये इगतपुरीकडची कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, तीही तस्करीच होती. आणि बीसीए झालेला, इंग्रजी टाइप करू शकणारा, पासपोर्ट काढून विमानात बसलेला मुलगा थायलंडमधून नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन कंपनीच्या ताब्यात देणं ही पण तस्करीच. कातकरी आईबापांना उचल देऊन बांधून घेतात. तिकडच्या म्यावाड्डी शहरातल्या कंपन्या मुलाला सांगतात, तुझ्यासाठी आम्ही एवढे डॉलर मोजलेत, ते फेड आणि जा. दोन्हीकडे माणसाच्या डोक्यावर आधी कर्ज ठेवतात आणि मग त्या कर्जाखाली त्याला राबवतात. राज्यघटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी या दोन्हींवर एकाच वाक्यात बंदी घातली आहे.

भावाला नेलं कसं, हे तू त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांत ऐकलं असशील. मी ते सलग लिहिते, म्हणजे वडिलांना वाचून दाखवता येईल. ही रीत आता ठरून गेलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर जाहिरात येते. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते, टायपिंगचा वेग बघतात, इंग्रजीत चार प्रश्न विचारतात. मुलाला वाटतं, एवढं सगळं विचारतात म्हणजे कंपनी खरीच असणार. थायलंडला जायला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे कामाच्या व्हिसाचा प्रश्न निघतच नाही. विमानतळावर फिरायला चाललोय म्हणून सांग, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखव, एवढंच शिकवतात. बँकॉकला गाडी घ्यायला येते आणि शहराकडे न जाता वायव्येला निघते. जवळजवळ ५०० किलोमीटरवर मे सोत हे सरहद्दीचं गाव आहे. वाटेत गाड्या बदलतात. रात्री मोई नदी ओलांडली की म्यानमारचा कायिन प्रांत लागतो आणि तिथे म्यावाड्डी. तिथे सरकारपेक्षा सशस्त्र टोळ्यांची सत्ता जास्त चालते. त्यांच्या आसऱ्याने केके पार्कसारखी उंच भिंतींची, पहारेकऱ्यांची वसाहत उभी राहिली. आत गेल्या-गेल्या पासपोर्ट काढून घेतात. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इथे रात्रीची पाळी, पंधरा-सोळा तास. दुसऱ्या कुणाच्या फोटोवर खोटं प्रोफाइल, आधी मैत्री, मग प्रेम, मग क्रिप्टोत पैसे गुंतवायचा सल्ला. नाही म्हटलं की मार, शॉक, उपाशी ठेवणं, नाहीतर दुसऱ्या कंपनीला विकणं.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा ठिकाणी जबरदस्तीने राबवली जात असावीत. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तर २०२२ मध्येच थायलंड-म्यानमारच्या खोट्या आयटी नोकऱ्यांबद्दल सूचना काढली होती. मार्च २०२५ मध्ये, तुझा भाऊ निघाला त्याच महिन्यात, वायुसेनेच्या विमानांनी मे सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले. ऑक्टोबरमध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्कवर धाड घातली, हजारावर लोक नदी ओलांडून थायलंडमध्ये पळाले आणि नोव्हेंबरमध्ये आणखी साडेचारशेच्या वर भारतीय आले. तुझा भाऊ बहुतेक त्यांच्यातलाच. एका बाजूने विमानं भरून मुलं परत येत होती आणि दुसऱ्या बाजूने तेच एजंट नवी मुलं पाठवत होते. सरकारी सूचना इंग्रजीत संकेतस्थळावर राहते. एजंट गावात पारावर येऊन बसतो, आईच्या हातचा चहा पितो. आधी कुणापर्यंत काय पोचतं हे सांगायला नको.

वडिलांनी एव्हाना दहा वेळा विचारलं असेल, शिकलेला असून याला कळलं कसं नाही. त्यांना सांग, शिकलेला होता म्हणूनच त्यांना हवा होता. कंपनीला इंग्रजीत गप्पा मारणारी मुलं लागतात. शिवाय दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जायची सरकारी मंजुरी, लागत नाही. कमी शिकलेला गवंडी किंवा ड्रायव्हर आखातात कामाला निघाला तर त्याचे कागद, करारपत्र एकदा तरी तपासले जातात. पदवीधर मुलाला ते विचारायची गरज कायद्याला वाटत नाही. शिक्षणामुळे तो जास्त सुरक्षित असेल हे त्यामागचं गृहीतक, आणि या टोळ्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.

शिवाय शिकून करायचं काय, हाही प्रश्न आहेच. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांच्या वर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर मुलं, पहाटे उठून धावणारी, पुण्या-लातूरच्या अभ्यासिकांत महिन्याचे पैसे भरून बसणारी. वय सरकतं तसं घरात विषय बदलतो. नोकरी नाही तर पोरगी कोण देणार, हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने ऐकलंय. कोरडवाहू तीन एकराचा पोरगा आता कुणाला जावई म्हणून नको आहे. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न जमत नसलेल्या मुलांनी बाशिंगं बांधून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अशा मुलाला ‘परदेशात लागलाय’ हे दोन शब्द बोलता यावेत यासाठी घर दोन लाख उभे करतं, आणि पाटल्या गहाण पडल्या की मग मुलालाही माघार घेता येत नाही. बँकॉकला गाडी चुकीच्या दिशेला वळली तेव्हा तुझ्या भावाला शंका आली असेलच. पण आईच्या पाटल्यांचा विचार करून तो गप्प बसून राहिला असेल. त्याला एकदा मायेने विचार.

आता त्या अमेरिकन बाईबद्दल. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. तिचं नुकसान खरं आहे. ‘तुझा काय दोष, विसरून जा’ असं त्याला कुणी सांगत असेल तर थांबव, कारण तो विसरणार नाही आणि आपलं कुणाला कळतच नाही असं त्याला वाटत राहील. त्याऐवजी एक वही दे. कंपनीचं नाव, इमारत, मजला, चिनी किंवा भारतीय टीम लीडरला काय म्हणून हाक मारत, कोणत्या नावाची प्रोफाइलं चालवली, पैसे कुठल्या ॲपवर भरायला सांगायचे, त्या बाईचं नाव-गाव जेवढं आठवतं तेवढं, सगळं त्याला लिहू दे. एका बैठकीत नको, सुचेल तसं. ही वही तपासाला उपयोगी पडेल, आणि त्या बाईसाठी आज त्याला करता येण्यासारखं तेवढंच आहे.

‘तक्रार केली तर त्याच्यावरच केस पडेल’ ही वडिलांची भीती अगदीच अनाठायी नाही. पोलीस त्याला प्रश्न विचारतील, कदाचित कडक विचारतील. विमानतळावर उतरल्यावर त्याची एकदा चौकशी झालीच असेल. नोव्हेंबरमध्ये परतलेल्यांमध्ये दोन एजंटही निघाले आणि सीबीआयने त्यांना अटक केली. त्यामुळे यंत्रणा प्रत्येकाकडे बारकाईने बघते आणि ते योग्यच आहे. म्हणून पोलिसांकडे जायच्या आधी एक प्रश्न तूच त्याला विचार, वडील समोर नसताना. आपल्या ओळखीच्या कुणाला त्याने तिकडे बोलावलं होतं का? या कंपन्या कोंडलेल्या मुलांनाच सांगतात, दोन नवीन माणसं आण, मग तुला सोडतो. मार खाऊन अर्धमेला झालेला मुलगा एखाद्या मित्राला फोन करतो. तसं झालं असेल तर रागावू नको, पण ते वकिलाला आधी आणि पूर्ण सांगायला हवं. लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. जिवाच्या भीतीने केलेल्या कृत्यांना न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये संरक्षण आहे, पण ते आपोआप मिळत नाही, मांडावं लागतं.

वकिलाला पैसे कुठून आणायचे हा विचार करू नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मानवी तस्करीच्या पीडिताला मोफत वकील मिळायचा हक्क स्पष्ट लिहिलाय, त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. लातूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावरही मदत मिळते. वकील बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा.

तक्रार तालुक्याच्या पोलीस ठाण्यात देता येते. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष असतो, तिथेही जा. ‘गुन्हा म्यानमारमध्ये घडला, आमच्या हद्दीत नाही’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगायचं की भरती गावात झाली, पैसे गावात घेतले, आणि हद्दीचं कारण सांगून एफआयआर नाकारता येत नाही. तरीही नाही घेतली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायचा, पोचपावती जपून ठेवायची. कलम १४३ च्या जोडीला १९८३ चा उत्प्रवासन कायदाही अर्जात लिहायला सांग, कारण परवान्याशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणं हाच मुळात गुन्हा आहे. एजंटाने आणखी कुणाला पाठवलंय का, हे गावात हळूच विचारून ठेव. दुसरं एक घर जरी बोलायला तयार झालं तरी केस फार वेगळी होते.

पुरावे मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल फॉरमॅट करायचा नाही, विकायचा नाही, नंबर बदलायचा नाही. एजंटाचे व्हॉइस मेसेज, विमानाचं तिकीट, यूपीआयच्या नोंदी, सोनं तारण ठेवल्याची बँकेची पावती, इमर्जन्सी सर्टिफिकेटवर (पासपोर्ट नसलेल्याला परतण्यासाठी दूतावास देतो तो कागद) परतला असेल तर त्याची प्रत, सगळं एका फाइलला लाव. बाँडपेपरचा मसुदा एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असेल तर तो पहिल्या पानावर. पासपोर्ट तिकडे राहिला असेल तर तो हरवल्याची तक्रार वेगळी नोंदवायची. आणि भावाचं आधार, पॅन त्या लोकांच्या हाती गेलंय हे विसरू नका. त्याच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते संचार साथीच्या संकेतस्थळावर बघता येतं, अनोळखी असतील ती तिथूनच बंद करायला सांगता येतात. बँकेत जाऊन त्याच्या खात्यातल्या मागच्या वर्षभराच्या उलाढाली काढा. खातं दुसऱ्याच कुणी वापरलं असेल तर ते आपणहून सांगितलेलं बरं.

झोपेचं आता. आठ महिने ज्याने रात्री जागून, मार चुकवत काम केलं, त्याचं शरीर घरी आलं म्हणून लगेच निर्धास्त होत नाही. मेसेजच्या आवाजाला दचकणं हा आजाराचा भाग आहे, नाटक नाही आणि भित्रेपणाही नाही. लातूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे त्याला ने. तो यायला तयार नसेल तर आधी १४४१६ वर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेला फोन करू दे, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. मरणाचं बोलायला लागला तर मात्र एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे त्याला पहिल्यापासून सगळी हकिकत सांगायला लावणं बंद करा. काका आले की ‘सांग रे कसं मारलं’, मामा आले की पुन्हा तेच, याने जखम खपली धरत नाही. आणि लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल, हे कुणीतरी सुचवेलच. त्याला स्पष्ट नाही म्हणायचं काम तुझं. दुसऱ्या घरच्या मुलीला औषध म्हणून आणायचं नसतं.

गावाच्या बोलण्याला उत्तर देत बसू नको. एफआयआर झाली, त्यात त्याचं नाव फिर्यादी म्हणून आलं, की बोलणाऱ्यांतले निम्मे गप्प होतील. उरलेल्यांचं तोंड धरता येत नाही. पण वडिलांना मात्र सांग की त्यांनी मुलाबरोबर चारचौघांत दिसावं. आठवडी बाजाराला जाताना त्याला गाडीवर मागे बसवून न्यावं. बाप तोंड लपवत नाही हे लोकांना दिसलं पाहिजे, आणि त्याहून जास्त मुलाला दिसलं पाहिजे.

कर्जाचं दोन भागांत बघ. पाटल्या बँकेत आहेत, त्यांचं व्याज भरत राहा म्हणजे लिलाव निघणार नाही. सावकाराचं महिना पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. परवाना असलेल्या सावकारालाही एवढं व्याज लावता येत नाही, आणि परवाना नसेल तर सगळा व्यवहारच बेकायदा. जमिनीचा कागद किंवा कोरा चेक दिलाय का ते वडिलांना विचार. दिला असेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे सावकारी कायद्याखाली अर्ज करता येतो. सावकार ओळखीचा आहे, वाईट वाटेल, असं ते म्हणतील. त्यांना वेळ दे, पण ८० हजारांचा मोह त्यांना या व्याजामुळेच पडतोय हे लक्षात ठेव. व्याज थोपवलंत तर सहीचा आग्रह आपोआप कमी होईल.

राहिला चुलतभाऊ. त्याला ‘मूर्ख आहेस का’ असं म्हणू नको. त्यालाही तीच कारणं आहेत जी तुझ्या भावाला होती, आणि एजंटाने सांगून ठेवलं असेल की त्याचं नशीब खराब होतं, चुकीची कंपनी मिळाली, कंबोडियात तसं नाही. कंबोडियात तसंच आहे, सिहानुकविल शहराचं नावच या धंद्यामुळे जगभर झालंय. त्याला चार गोष्टी तपासायला सांग. एजंटाचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, हा किती मागतोय. व्हिसा कामाचा आहे की पर्यटकाचा. विमानतळावर खोटं बोलायला सांगितलंय का. यातल्या एकाचंही उत्तर चुकीचं आलं तरी पासपोर्ट त्या माणसाकडून परत घ्यायचा. विचारायचं झालं तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा क्रमांक आहे. पण या सगळ्याआधी दोघा भावांना एका खोलीत तासभर बसू दे, मोठ्यांपैकी कुणी नको. तुझा भाऊ जे तुम्हाला सांगू शकला नाही ते त्याला सांगेल.

चुलतभावाचं तिकीट कधीचं आहे हे तू लिहिलं नाहीस. ते या पंधरा दिवसांतलं असेल तर वकील, फाइल, बँक सगळं बाजूला ठेव आणि उद्याच्या एसटीने गावी जा. त्याला थांबवायला पोलिसांची मदत लागली तर ११२ लाव. कुणीतरी लवकरच विमानात चढणार आहे हे सांगितलं की तक्रारीकडे बघायची घाई वेगळी असते, आणि तेव्हा तुझ्या भावाचा जबाब घ्यायलाही पोलीस आठवडाभर थांबणार नाहीत. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.